लाकूड पाण्यात घालण्याआधी

खैराचं झाड तोडलं की बाहेरचं फिकट लाकूड तासून टाकतात आणि आतल्या लालसर गाभ्याच्या ढलप्या काढतात. त्या ढलप्या पाण्यात तासन्‌तास उकळत ठेवल्या की पाणी गडद होत जातं. ते गाळून आटवलं की दाट होतं आणि थंड झाल्यावर त्याच्या वड्या पाडता येतात. विड्यात पडणारा कात तो हाच. कोकणातला कातकरी समाज पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आला. झाडाने आपल्या गाभ्यात वर्षानुवर्षं साठवलेली द्रव्यं पाणी बाहेर काढू शकतं, हे त्यांना कोणत्याही प्रयोगशाळेआधी ठाऊक होतं.

उकळत्या पाण्याला जे काम करायला काही तास लागतात, तेच काम थंड पाणी काही महिन्यांत करतं. घरातल्या काचेच्या टाकीत आपण लाकडाचा तुकडा ठेवतो तेव्हा हेच सुरू होतं. पण इथे त्या पाण्यात मासे असतात. ते पाणी त्यांच्या कल्ल्यांतून रात्रंदिवस जात असतं, आणि त्यांना दुसरीकडे जायला जागा नसते. म्हणून टाकीत जाणाऱ्या लाकडाची काळजी घ्यायची. शोभेचा विचार त्यानंतर.

मुळात टाकीत लाकूड हवंच कशाला, असं कोणी विचारेल. जंगलातून वाहणारा एखादा ओढा आठवून पाहा. काठावरची झाडं कधीतरी पाण्यात कोसळतात, मुळं उघडी पडतात, फांद्या दगडांत अडकतात. त्यांच्या आडोशाला लहान मासे लपतात, काही तिथेच अंडी घालतात. लाकडावर शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा पातळ थर धरतो, त्यावर गोगलगाई आणि कोळंब्या चरतात. बाजारात ज्यांना सरसकट ‘सकर’ म्हणतात त्या दक्षिण अमेरिकेतल्या माशांपैकी काही जाती लाकूड अक्षरशः खरवडतात. त्यातल्या पनाक माशांचे दात तर चमच्याच्या आकाराचे असतात. लाकडातलं सेल्युलोज त्यांनाही नीट पचत नाही. त्यांचं पोट भरतं ते लाकडाच्या कुजक्या थरातल्या सूक्ष्मजीवांवर आणि आधीच विघटन झालेल्या अंशांवर. जपानच्या ताकाशी अमानो (1954–2015) यांनी दगड, लाकूड आणि पाणवनस्पती यांच्या मांडणीला कलेचा दर्जा मिळवून दिला. 2015 साली लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी उभारलेली 40 मीटर लांबीची टाकी हे त्यांचं शेवटचं मोठं काम. तिच्यातही लाकूड पडलेल्या झाडासारखंच मांडलेलं होतं. पाण्यात लाकूड असणं ही माशांच्या दृष्टीने सजावट नाही, ते त्यांच्या घराचा भाग आहे. ते घर विषारी नसावं, एवढंच आपल्याला पाहायचं.

नवे छंदिष्ट भेटले की पहिला प्रश्न विचारतात तो उकळण्याचा: किती तास उकळायचं? माझ्या मते त्याआधी दोन प्रश्न येतात. झाड कोणतं होतं? आणि ते मरून किती काळ झाला? या दोन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तर पुढची तयारी सोपी आहे. उत्तरं चुकीची असतील तर दिवसभर उकळूनही उपयोग नाही. जाड ओंडक्याच्या पोटातलं विष वरवर उकळल्याने निघत नाही, ते पुढे हळूहळू झिरपत राहतं.

‘नैसर्गिक आहे, म्हणजे सुरक्षित असणार’ ही समजूत इथे सर्वांत घातक ठरते. तिला उत्तर आपल्याच रानात आहे. उन्हाळ्यात ओढ्याचे डोह आटत आले की त्यांत वनस्पतीचा ठेचा कालवून मासे गुंगवायचे आणि वर आले की वेचायचे, ही मासेमारीची जुनी रीत. त्यासाठी गेळाची फळं वापरत, हिंगणबेटाची फळं वापरत, रामेठ्याची आणि कुंभ्याची साल वापरत. यांपैकी बऱ्याच वनस्पतींत सॅपोनिन नावाची, पाण्यात फेस आणणारी द्रव्यं असतात. माणसाच्या पोटात ती फारशी शोषली जात नाहीत, पण माशाच्या कल्ल्यांचा नाजूक पडदा ती थेट बिघडवतात आणि मासा पाण्यात असूनही गुदमरतो. डेरिस जातीच्या वेलींच्या मुळांत रोटेनोन असतं. ते पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही. ही सगळी झाडं आपल्याच रानांतली, पूर्णपणे ‘नैसर्गिक’. त्यांतल्या एखाद्याचं सुंदर पीळदार खोड ओढ्याकाठी पडलेलं दिसलं तर त्याच्यावर तसं लिहिलेलं नसतं.

चीक असलेल्या झाडांपासूनही दूर राहावं. शेर, निवडुंग, रुई, चाफा यांच्याकडे पाहायचंच नाही. कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं, वाळलेल्या फांदीतही. बिब्ब्याचा चीक कातडीवर फोड आणतो, काजूच्या झाडाचं कूळही तेच. खाडीकाठच्या गेव्याचा चीक डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासं होतं. पाइन आणि देवदार यांसारख्या सूचिपर्णी झाडांत राळ असते. ती पाण्यात तेलकट तवंग धरते आणि वर्षभर वाळवूनही पूर्ण जात नाही. कडुनिंबाचं लाकूड कीड लागू नये म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ज्या गुणामुळे ते कपाटाला चांगलं, त्याच गुणामुळे ते टाकीला नको. सागाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. पाण्यात वर्षानुवर्षं मुरलेलं सागाचं मूळ काही जण वापरतात. पण सागातही वाळवीला दूर ठेवणारी द्रव्यं असतात, म्हणून इतर चांगली लाकडं मिळत असताना मी ते निवडत नाही.

माणसाचा हात लागलेल्या लाकडाचा धोका वेगळा. मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्या दिसायला फार देखण्या असतात, पण होडीच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून लावलेल्या रंगात बहुधा तांबं असतं. टाकीतल्या कोळंब्या आणि गोगलगाई मरायला तांब्याचा अगदी थोडा अंश पुरतो. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांना क्रिओसोट हे डांबरी तेल पाजलेलं असतं. पाडलेल्या वाड्याच्या तुळईवर डांबर, जुना शिशाचा रंग, वाळवीचं औषध यांतलं काहीही असू शकतं. प्लायवूड आणि एमडीएफ तर गोंदानेच बनलेले. मालाच्या लाकडी पॅलेटवर कोणती फवारणी झाली आणि वाटेत त्याच्यावर काय काय सांडलं, हे कोणालाच सांगता येत नाही. असं लाकूड धुऊन, तासून, उकळूनही टाकीत घालू नये. यात तडजोडीला जागा नाही.

मग उरतं काय? भरपूर उरतं. पेरूची जुनी फांदी हे माझ्या आवडीचं लाकूड आहे. कठीण, वळणदार, आणि साल पातळ पापुद्र्यांत आपोआप सुटून येणारं. परसातल्या पेरूची छाटणी झाली की जाड फांद्या बाजूला ठेवून वाळवाव्यात. जांभळाचं लाकूड पाण्यात टिकतं, म्हणून विहिरीच्या तळाला ते बसवण्याची रीत पडली. त्याची मुळं टाकीत उत्तम दिसतात. चिंच, बाभूळ, ऐन यांची जून, गाठाळ मुळं जड असतात आणि लवकर बुडतात, पण बाभूळ पाणी बराच काळ रंगवते. दक्षिणेतल्या मळ्यांतून निघालेली कॉफीची जुनी झुडपं आता बाजारात मिळतात, तीही चांगली. आफ्रिकेतलं मोपानी दुकानात सहज मिळतं. ते दगडासारखं जड असतं आणि रंगही भरपूर सोडतं. आंब्याचं लाकूड वाळल्यावर घातक नसतं, पण मऊ असतं आणि लवकर कुजतं. खैराबद्दल वेगळं सांगायला नको. ज्याला उकळून कात काढतात, ते टाकीत घातलं तर पाण्याचं काय होईल हे उघड आहे.

शोधायचं कुठे? शहरात राहणाऱ्याने जळाऊ लाकडाच्या वखारीत जावं. तिथे बाभळीची आणि चिंचेची वाकडीतिकडी बुंध्याकडची लाकडं पडलेली असतात, आणि वखारवाल्याला झाड कोणतं ते हमखास माहीत असतं. आपल्याला हवी असलेली सर्वांत मोलाची माहिती ती हीच. पावसाळ्याआधी रस्त्याकडेची झाडं छाटली जातात, त्या ढिगांतूनही विचारून घेता येतं. पण ते लाकूड ओलं असतं, किमान वर्षभर आडोशाला वाळवावं लागतं.

नदीच्या पुराने काठाला आणून टाकलेलं लाकूड मोहात पाडतं. पाण्याने साल आणि मऊ भाग खाऊन टाकलेला असतो, उरतो तो नुसता गाभा. पण 1927 च्या भारतीय वन अधिनियमात वाहून आलेल्या, काठाला लागलेल्या आणि बुडालेल्या लाकडासाठी स्वतंत्र तरतूद आहे. कोणी आपला हक्क सिद्ध करेपर्यंत असं लाकूड सरकारची मालमत्ता मानलं जातं. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे परवानगीशिवाय काहीच उचलता येत नाही, पडलेली काटकीसुद्धा नाही. कांदळवनालाही कायद्याचं संरक्षण आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ओढ्यात पडलेलं लाकूड तिथल्या माशांचं घर असतं हे आपण आताच पाहिलं. आपल्या टाकीसाठी त्यांचं घर मोडू नये.

समुद्रकिनाऱ्यावरच्या लाकडात मीठ मुरलेलं असतं, ते काढायला आठवडे लागतात. शिवाय समुद्रात लाकूड पोखरणारा एक प्राणी असतो. दिसायला अळीसारखा, पण कुळाने शिंपल्याचा भाऊबंद. तो आपल्या बिळाला आतून चुन्याचं अस्तर लावतो. असं सच्छिद्र लाकूड टाकीत घातलं तर ते अस्तर विरघळून पाण्याचा जडपणा वाढत राहतो. कारण सापडत नाही आणि माणूस चक्रावतो.

आता तुकडा हातात आहे असं धरू. जांभळाचं, मनगटाएवढं जाड मूळ. आधी त्याचं वजन अजमावावं. पूर्ण वाळूनही हाताला जड लागलं तर गाभा घट्ट आहे. मग नख. नख दाबलं आणि रुतलं, तर तेवढा भाग सडला आहे किंवा बाहेरचं कोवळं लाकूड उरलं आहे. ते सुरीने खरवडून काढायचं, कठीण लागेपर्यंत. नख रुतलंच नाही, नुसती रेघ उठली, की समजावं इथून पुढे घट्ट लाकूड. मग एक टोक करवतीने ताजं कापावं आणि नाकाशी धरावं. वाळक्या लाकडाचा मंद वास येतो किंवा काहीच येत नाही. आंबूस, उग्र, राळेसारखा किंवा औषधी वास आला तर तो तुकडा चुलीकडे पाठवावा. कापलेला भाग निरखला की मध्ये गडद आणि कडेला फिकट असे दोन भाग दिसतात. फिकट भागातून झाड जिवंत असताना रस वाहत होता. त्यात साखर आणि पिष्ट असतं, आणि पाण्यात जिवाणू आधी त्याच्यावर तुटून पडतात. ओलं लाकूड घातल्यावर दोन दिवसांत टाकी गढूळ होते आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करू लागतात, त्याचं कारण हेच. जिवाणूंची संख्या भरमसाट वाढते आणि पाण्यातला प्राणवायू ते संपवतात.

साल पूर्ण काढायची. सालीखाली किडे, त्यांची अंडी, माती, बुरशी सगळं दडलेलं असतं, आणि पाण्यात ती सुटी होऊन फिल्टरमध्ये अडकते. वाळलेली साल निघत नसेल तर दोन दिवस भिजवून, मग बोथट सुरीने उचकटावी. कोपऱ्यांत तारेचा ब्रश फिरवावा, पण त्याच्या तारा तुटून लाकडात राहिल्या नाहीत ना ते पाहावं. टोकदार काटे आणि धारदार कडा कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासून गोल कराव्यात. घाबरून धावणारा मासा त्यांवर आपटतो तेव्हा खवले निघतात. लांब शेपटीच्या फायटर माशासाठी तर हे फारच आवश्यक. शेवटी नळाखाली नुसत्या पाण्याने धुवावं. साबण, भांड्यांची पावडर, फिनेल, डेटॉल यांचा एक थेंबही नको. लाकूड ते शोषून घेतं आणि नंतर सोडतं. काही जण ब्लीच सुचवतात. गुळगुळीत दगडासाठी ते ठीक आहे. सच्छिद्र लाकडाच्या बाबतीत ते आत गेल्यावर पूर्ण बाहेर आलं याची खात्री कशी करणार? उकळतं पाणी असताना ब्लीचची गरजही पडत नाही.

उकळण्यासाठी स्टीलचं मोठं पातेलं घ्यावं, आणि ते पुन्हा स्वयंपाकात वापरू नये. लोखंडाच्या घमेल्यात उकळलं तर पाणी निळसर काळं पडतं, कारण लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा लोहाशी संयोग होतो. हिरडा आणि लोह यांपासून पूर्वी काळी शाई करत, ती याच संयोगातून. चामडं कमावायला हिरडा आणि बाभळीची साल लागते तीही टॅनिनसाठीच. लाकूड पूर्ण बुडेल इतकं पाणी घालून, वर स्वच्छ दगडाचं वजन ठेवून मध्यम आचेवर उकळी आणावी.

या वेळी पातेल्याजवळ थांबून पाहण्यासारखं काहीतरी घडतं. बुडबुडे लाकडाच्या अंगातून फारसे येत नाहीत. ते येतात कापलेल्या टोकांतून, बारीक साखळ्यांसारखे, एकामागून एक. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या उभ्या असतात, आणि झाड मेल्यावर त्या नळ्यांत हवा भरते. तीच हवा तापून, फुगून टोकांवाटे बाहेर पडत असते. लाकूड तरंगतं ते तिच्यामुळे. लाकडाच्या पेशींच्या भिंती सगळ्या झाडांत पाण्याच्या साधारण दीडपट घनतेच्या असतात, म्हणजे हवा पूर्ण गेली आणि तिथे पाणी शिरलं की कोणतंही लाकूड बुडणारच. म्हणून उकळून झाल्यावर लाकूड लगेच बाहेर काढू नये. त्याच पाण्यात बुडालेलं असतानाच थंड होऊ द्यावं. नळ्यांतली वाफ थंड होऊन आकसते, आत पोकळी तयार होते आणि भोवतालचं पाणी ती आत ओढून घेते. एवढ्या एका गोष्टीने आठवड्यांचं भिजवणं वाचतं. मी पाहिलेल्या बहुतेक सूचनांत हे सांगितलेलंच नसतं.

मनगटाएवढ्या तुकड्याला एक ते दोन तास उकळणं पुरतं. पाणी गडद झालं की ओतून द्यावं, नवं घ्यावं, आणि हे दोन-तीनदा करावं. पाणी अगदी नितळ येईपर्यंत उकळत बसू नये. ओलं लाकूड त्या तापमानाला मऊ पडतं. सुतार वाफ देऊन लाकूड वाकवतात, ते त्यामुळेच शक्य होतं. दिवसचे दिवस उकळलेल्या लाकडाचे तंतू सैल होतात आणि ते टाकीत लवकर कुजतं. उकळून लाकूड निर्जंतुक झालं असंही समजू नये. काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतही तगतात. त्याने बिघडत नाही, कारण टाकी स्वतःच जिवाणूंनी भरलेली असते आणि तशीच असायला हवी. आपल्याला मारायचे असतात ते किडे, गोगलगाईची अंडी, बुरशी आणि अनोळखी परजीवी. ते उकळीत मरतात.

प्रेशर कुकरमध्ये लाकूड घालू नये. सुटलेला ढलपा वाफेच्या वाटेत अडकला तर कुकर फुटू शकतो. ओव्हन आणि मायक्रोवेव्हही नकोत. लाकूड आतून पेट घेतं आणि बाहेरून ते कळतही नाही.

पातेल्यात न मावणाऱ्या ओंडक्यावर कढत पाणी ओतून तो मोठ्या पिंपात भिजत ठेवावा. लहान तुकड्याला दोन ते चार आठवडे लागतात, मोठ्याला महिने. गच्चीवर पिंप ठेवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. डेंगीचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्यात आठवडाभरात नवा डास बाहेर येतो. पिंपाला झाकण किंवा घट्ट कापड बांधावं आणि पाणी आठवड्यातून किमान एकदा पूर्ण बदलावं. लाकडासाठीही ते चांगलंच आहे. समुद्रातलं लाकूड असेल तर पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर हाताशी ठेवावा. दोन दिवस भिजवलेल्या पाण्याचं मोजमाप आणि नळाच्या पाण्याचं मोजमाप जवळपास सारखं येईपर्यंत पाणी बदलत राहावं.

लाकूड बुडत नसेल आणि धीरही नसेल तर ते दगडाच्या पाटीवर स्क्रूने बसवतात. आपल्याकडे हाताशी सापडतो तो कडप्प्याचा नाहीतर शहाबादी फरशीचा तुकडा. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. लाकडाने किंचित आम्ल झालेल्या पाण्यात ते हळूहळू विरघळतात आणि जडपणा वाढवतात. लिंबाचा रस टाकून पाहिलं की बारीक फेस दिसतो. ग्रॅनाइटचा तुकडा घ्यावा किंवा जुनं मातीचं कौल. आपला काळा बेसाल्टही चालतो, मात्र त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतील तर त्यांवरही लिंबू पिळून पाहावं, कारण त्यांतले काही कॅल्साइटचे असतात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचाच हवा, पितळेचा किंवा साधा लोखंडी नको. शेवाळ किंवा अनुबियाससारखी पाणवनस्पती चिकटवायला फेविक्विकसारखा गोंद चालतो, तो वाळून घट्ट झाल्यावर निरुपद्रवी असतो. सिलिकॉन घ्यायचं तर बुरशीनाशक मिसळलेलं न्हाणीघराचं घेऊ नये.

मांडताना एक चूक फार महागात पडते, ती म्हणजे लाकूड दोन काचांच्या मध्ये घट्ट ठोकून बसवणं. वाळलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं. तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच, पण आडव्या दिशेने पाच-दहा टक्क्यांपर्यंत. तीस सेंटिमीटर रुंदीचा बुंधा दीड ते तीन सेंटिमीटर वाढू शकतो, आणि फुगणाऱ्या लाकडाचा रेटा काच सहन करू शकत नाही. सर्व बाजूंनी बोटभर मोकळी जागा ठेवावी.

इतकं सगळं करूनही पाण्याला फिका चहाचा रंग येतो. घाबरू नये. टॅनिन आणि त्यासोबतची ह्युमिक द्रव्यं बहुतेक माशांना त्रास देत नाहीत. ॲमेझॉनच्या रिओ निग्रोमध्ये कार्डिनल टेट्रा अशाच गडद, आम्लधर्मी पाण्यात राहतो आणि आग्नेय आशियातले कितीतरी फायटर दलदलीतल्या तपकिरी पाण्यात. त्यांच्यासाठी लोक मुद्दाम देशी बदामाची वाळकी पानं टाकीत घालतात. लक्ष ठेवायचं ते आम्लतेवर. धरणांतून येणारं पुण्या-मुंबईचं पाणी मऊ असतं. ते आम्ल झेलू शकत नाही, म्हणून मोठं लाकूड घातल्यावर पहिले काही आठवडे पीएच तपासत राहावा. बोअरवेलच्या जड पाण्यात सहसा काहीच फरक दिसत नाही. रंग नकोच असेल तर फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घालावा आणि पाणी नेमाने बदलावं. गोल्डफिश आणि मोलीसारख्या जड पाण्याच्या माशांसाठी मात्र रंग सोडणारं लाकूड मुळातच कमी घ्यावं.

दुसरी गोष्ट म्हणजे पांढरा बुळबुळीत थर. नवं लाकूड टाकीत गेलं की काही दिवसांतच त्याच्यावर कापसासारखं काही उगवतं आणि घरोघरी लाकूड उचलून फेकून दिलं जातं. ही लाकडातल्या उरल्यासुरल्या साखरेवर वाढणारी बुरशी आणि जिवाणू. माशांना त्यापासून अपाय नाही. सकर, कोळंब्या, गोगलगाई तो थर आवडीने खातात. फार वाढला तर पाणी बदलताना लाकूड बाहेर काढून ब्रशने घासावं. खाद्य संपलं की तोही संपतो, साधारण महिन्याभरात. पण महिना उलटूनही थर दाटच होत गेला, लाकूड बोटाखाली दबू लागलं किंवा सडक्या अंड्याचा वास आला, तर वाट पाहू नये. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो, आणि तो वायू माशांना थोड्या प्रमाणातही मारतो. आत कुठेतरी प्राणवायू न पोहोचलेला कुजका भाग आहे असा त्याचा अर्थ.

मासे आधीच असलेल्या टाकीत नवं लाकूड थेट घालू नये. ते आधी आठवडाभर बादलीत, एखाद्या लहान एअर पंपासह ठेवावं आणि पाणी हुंगावं, पाहावं, मोजावं. माशावर प्रयोग करून पाहण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती मला मान्य नाही. बादलीतल्या पाण्यावर तवंग आला, फेस टिकून राहिला किंवा वास बदलला, तर उत्तर मिळालं आहे.

चांगलं निवडलेलं लाकूड टाकीत वर्षानुवर्षं टिकतं. दर काही महिन्यांनी नख लावून पाहावं, सुरुवातीला पाहिलं होतं तसंच. मऊ झालेला भाग खरवडावा, आणि गाभ्यापर्यंत मऊ झालं की काढून कुंडीतल्या मातीत घालावं. आणि एखादं लाकूड कितीही देखणं असलं तरी ते कोणत्या झाडाचं हे सांगणारं कोणी भेटलं नाही, तर ते टाकीत न घालता बागेतच ठेवा.